नदीपलीकडच्या लेकी

परवा डिचोलीच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचा वास आला आणि माझे पाय आपोआप थबकले. पेडण्याकडची एक बाई पाटीत वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, मांडून बसली होती. तो गोड, काहीसा अंगावर येणारा वास नाकात शिरला की मला माझी आते आठवते. मोसम असेतो रोज तिच्या अंबाड्यात वळेसर असायचा. कोमेजला तरी ती तो काढत नसे, आणि मग तिने तपासलेल्या वह्यांनाही तोच वास लागायचा.

आते बाबांची थोरली बहीण. लग्न न झालेली, हायस्कुलात इतिहास शिकवणारी. हळर्ण्याच्या आमच्या घरी दुपारी सोप्यावर बसून ती मला ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगे. एका शापित राजघराण्याची गोष्ट तिची फार आवडती. मूळ पुरुषाने पाप केलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेलं. त्या घराण्यातल्या एका राजाला युद्धावर निघायचं होतं, पण वारा पडला होता. म्हणून त्याने पोटच्या मुलीचा बळी दिला. इथे आते नेहमी थांबायची. "गलबतं बापाची, वारा बापाला हवा. जीव कुणाचा गेला बघ," म्हणायची आणि चष्मा पुसत बसायची.

आमच्या घरालाही एक शाप होता. पणजोबांना नदीपलीकडे लेकीच्या सासरी चवथीचं वझं, म्हणजे गणपतीची माहेरची भेट, पाठवायचं होतं. नदीला पूर आलेला. नावाडी नको म्हणाला. तो आमच्याच जमिनीत झोपडी बांधून राहायचा. "उद्या खोप मोडून टाकीन," असा दम पणजोबांनी दिला, तेव्हा त्याने होडी घातली. नारळ, केळी, करंज्यांची पाटी आणि तो, काहीच पलीकडे पोचलं नाही. त्याची बायको आमच्या अंगणात येऊन म्हणाली, "ज्या लेकीपायी माझो घोव धाडलंस, त्या तुझ्या घरच्या लेकी न्हंयपलीकडे सुखान नांदूच्यो नाय." वर्षाच्या आत ती लेक तापाने गेली. पुरावा तेवढा पुरला. पुढे आमच्या घरातली एकही मुलगी नदीपार दिली नाही. नदीचं नाव शापोरा. लहानपणी मला वाटे, ते आमच्यावरूनच पडलं असावं.

आतेला डिचोलीचं एक स्थळ मनापासून आवडलं होतं, हे मला कळलं ते मला डिचोलीचं स्थळ आलं तेव्हा. आजोबांनी तिला जे सांगितलं होतं, तेच बाबांनी मला सांगितलं: "नदीपलीकडे नाही." मी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पातळ बदललं आणि म्हणाली, "चल, मांद्र्याला जाऊन येऊ."

नावाड्याची नात तिथे पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायची. आतेपेक्षा थोडी थोरली, दणकट बाई. आते उभ्या उभ्याच म्हणाली, "माझ्या आजोबांनी तुमच्या आजोबांना पुरात घातलं. चूक आमची होती. आमच्यापैकी कुणी कधी येऊन हे बोललं नाही, म्हणून आले."

त्या बाईने खुर्ची पुढे सरकवली. "बसा आधी, बाई. शाप दिल्यान असतलो. घोव गेलो तिचो, ती काय गप बसतली? पण आमका आजयेन राग शिकवूक नाय, होडी वल्हवूक शिकवल्यान. तुमी इतकी वर्सां भियत रवलात?"

चहा आला, गरम उंडे पाव आले. आते आधी हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून वाहू लागले. त्या बाईने काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं राग धरून कुणी बसलंच नव्हतं. भीती तेवढी आम्ही जपली होती, घरातल्या देवासारखी.

संध्याकाळी आतेने बाबांना सांगितलं, "मी जाऊन आले. तिथे कुणी रागावलेलं नाही. आता रागावलेलं कुणी असेल, तर ती मी."

बाबा उठून बागेत गेले. बराच वेळ पोफळींना पाणी लावत राहिले. सकाळी चहा पिताना, कुणाकडेच न बघता म्हणाले, "डिचोलीकडची किती माणसं जेवायला येतील, विचारून घ्या."

लग्नानंतर पूल ओलांडताना आते माझ्या शेजारी बसली होती. मी खाली पाण्याकडे बघितलं नाही, तिने मात्र काच खाली करून शेवटपर्यंत बघितलं. पहिलं वर्षभर नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की मी दारात जाऊन उभी राहायची. पुढे तेही कधी थांबलं, कळलं नाही. आते सुट्टीत माझ्याकडे यायची, माझ्या लेकीला गोष्टी सांगायची. आता ती नाही.

मागे एकदा लेकीने विचारलं, "आपल्या घराला म्हणे शाप होता?" मी तिला पूर आलेली नदी सांगितली, आणि नको म्हणणारा नावाडी, आणि पणजोबांनी त्याला काय दम दिला ते. ते सगळं तिला ठाऊक असायला हवं. पुढचं मात्र मी शापाचं नाही, आते मांद्र्याला जाऊन काय बोलली ते सांगितलं. तिला ते जास्त आवडलं.