ऑफसाइड अंकलची सुट्टी

सेमीफायनलची शेवटची शिट्टी वाजली तेव्हा हरलेली पोरं मैदानात जागच्या जागी बसली. थोड्या वेळाने त्यांनी पाणी प्यायलं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, कुणीतरी काहीतरी पाचकळ बोललं आणि ती हसायलाही लागली. मैदानाबाहेर उभे असलेले रफिक मुकादम मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आपल्या टीमने तीन गोल खाल्ले आणि एक मारला. तो एकही समोरच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून आत गेला होता. चार वर्षांत पहिल्यांदा ही टीम सेमीफायनलपर्यंत आली होती, आणि इतकी वाईट खेळली की फायनलचं नाव काढायचीही लाज वाटावी.

रफिकभाई दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामात सुपरवायझर. पहाटे अजमानहून कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर कंटेनर उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये डुलक्या काढत परतायचं, असं त्यांचं आयुष्य. या टीममध्ये त्यांचा मुलगा नव्हता, पुतण्या नव्हता, गावाकडचं, म्हसळ्याचं कुणी लांबचं पोरगंही नव्हतं. टीम होती शारजातल्या एका युनिव्हर्सिटीची. त्यांची मुलगी यम्ना तिथे फार्मसी शिकत होती, आणि तिला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नव्हता. पहिल्या वर्षी एकदा तिला घ्यायला आलेले असताना रफिकभाई लवकर पोहोचले. वेळ काढायला म्हणून मैदानाकडे गेले, आणि तेव्हापासून जे चिकटले ते चिकटलेच. शनिवारी ड्युटी बदलून घ्यायची, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि टीमची हिरवी जर्सी पोटावरून कशीबशी खाली ओढत मैदान गाठायचं.

तिथे ते नुसते बघत बसत तर प्रश्न नव्हता. ते इजिप्तहून आलेल्या मिसरी कोचला सल्ले देत. "हबीबी, लेफ्ट खाली है, लेफ्ट!" उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर या मुलखात उंटांची कमी नाही. ऑफसाइडचा नियम त्यांना पुरता कळला होता असंही नाही. पण समोरचा पोरगा बॉल घेऊन पुढे आला की तो ऑफसाइडच असतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते तसं ओरडून रेफरीच्या कानावर घालत. पोरांनी त्यांचं नाव ऑफसाइड अंकल ठेवलं होतं. रफिकभाईंना तो बहुमान वाटे.

"रेफरीने घात केला," गाडीत बसताच ते म्हणाले. "दुसरा गोल सरळसरळ ऑफसाइड होता."

"अब्बा, थ्री-वन," यम्ना मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "दे वर जस्ट बेटर."

"आणि कोचने लेफ्टला माणूसच ठेवला नाही. मी सीझनभर बोंबलतोय."

"अब्बा, इट्स ओव्हर. खलास."

नाचता येईना अंगण वाकडं, हे रफिकभाईंनाही कळत होतं. पण त्यांच्या छातीवर खरा धोंडा बसला होता तो गोलांचा नव्हता. तो सुट्टीचा होता, आणि ती भानगड गाडीत बसलेल्या मुलीला माहीत नव्हती, घरी वाट बघणाऱ्या बायकोला तर मुळीच नव्हती.

गल्फमधल्या कोकणी घरांत लग्नं माणसांवर नंतर जुळतात, आधी सुट्ट्यांवर जुळावी लागतात. मुलगा दोहाला, मुलीचा बाप अजमानला, मुलाचा मामा कुवेतला. सगळे एकाच वेळी गावी असतील असे आठ-दहा दिवस वर्षातून एकदा सापडतात, आणि तेवढ्यात बघणं, बोलणं, साखरपुडा सगळं उरकून घ्यायचं. यम्नासाठी अर्सलानचं स्थळ आलं होतं. शेजारच्याच गावचा मुलगा, दोहात इंजिनिअर, निर्व्यसनी. तो ईदला घरी येणार होता. रफिकभाईंचीही सुट्टी ईदलाच मंजूर झाली होती.

यम्नाला पुढे एम. फार्म करायचं होतं. तिने ते घरात दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिची आई अन्वरी म्हणाली, "लग्नानंतर बघ." दुसऱ्यांदा रफिकभाई म्हणाले, "बस झालं शिक्षण. चार वर्षं झाली, डिग्री आली. खलास." यम्ना उठून आपल्या खोलीत गेली.

आणि मग, ईद तोंडावर आली असताना, टीम क्वार्टर फायनल जिंकली. त्या आनंदाच्या भरात रफिकभाई मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि आपली सुट्टी पुढे ढकलून आले, फायनलच्या नंतरची. फायनलला टीम जाणार याबद्दल त्यांच्या मनात इतकी खात्री होती की आयुष्यात पहिल्यांदा ते इन्शाल्ला म्हणायला विसरले. घरी येऊन बायकोला त्यांनी सांगितलं, पोर्टवर माल तुंबलाय, मॅनेजर सोडत नाही. अन्वरीने अर्सलानच्या आईला फोन करून माफी मागितली. नंतर ती रोज त्या बिचाऱ्या मल्याळी मॅनेजरला शिव्या मोजत राहिली, आणि रफिकभाई मान खाली घालून जेवत राहिले. ईद झाली. अर्सलान येऊन परत दोहाला गेला. आता त्याची पुढची सुट्टी वर्षाने.

म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. स्थळ बघायचं राहिलं आणि फायनलही नाही. हाती उरली पुढच्या आठवड्यातली सुट्टी, जिचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी सुदेश आणि समिधा जेवायला आले. सुदेश संगमेश्वरचा, रफिकभाईंच्याच गोदामात कामाला. खरं म्हणजे तो समाचारालाच आला होता. आत शिरताच त्याने रफिकभाईंचा हात हातात घेतला आणि कुणी गेल्यासारखा दाबला. अन्वरीने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सालन केलं होतं. सगळे जेवायला बसले, आणि दुसऱ्या भाकरीला सुदेशचं मन भरून आलं.

"भाभी, मी रफिकभाईंना तेव्हाच बोललो होतो," तो म्हणाला. "अहो, सेमीफायनल तरी होऊ द्या, आत्तापासून लीव्ह कशाला पोस्टपोन करता? मॅनेजर पण दोनदा बोलला, रफिक, आर यू शुअर? पण यांचं एकच, फायनलला मी नाही तर कोण! एवढा सॅक्रिफाइस केला माणसाने, आणि त्या पोरांनी काय केलं बघा."

समिधाने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण गाडी स्टेशनातून सुटली होती. यम्नाचा घास हातातच राहिला. रफिकभाई सालनाच्या वाटीत अशी नजर लावून बसले की जणू आतल्या कोलंब्या मोजायच्या आहेत.

"सुदेशभाऊ, अजून एक भाकरी घ्या," अन्वरी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो शांत आवाज रफिकभाईंनी फार थोड्या वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळचं त्यांना लख्ख आठवत होतं.

पाहुणे निघाले. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. अन्वरीने हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"त्या मॅनेजरला मी काय काय बोलले, अल्ला मला माफ करो," ती म्हणाली. "आता मला सांगा. त्या टीममध्ये तुमचा कोण खेळतो?"

"कोणी नाही."

"त्या कॉलेजात तुम्ही शिकलात?"

"नाही गं."

"म्हणजे दुसऱ्याच्या कॉलेजातून तुमचा पाय तीन आठवडे निघेना. आणि जिचं कॉलेज आहे, तिला सांगता बस झालं, खलास?" ती थांबली. "घाई मलाही होती, नाही म्हणत नाही. पण मी निदान तिथे जाऊन नाचत तरी नव्हते."

रफिकभाईंना एरवी रेफरीवर ढकलता आलं असतं, पण या खोलीत रेफरी नव्हता. त्यांनी यम्नाकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी गालात हसत असेल. सुट्टी हुकली ती तिच्या पथ्यावरच पडली होती. पण ती हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती, नीट, उत्तराची वाट बघत.

रफिकभाईंना महाडचं कॉलेज आठवलं. ते कॉमर्सच्या फर्स्ट इयरला होते. परीक्षेला महिना राहिला असताना शारजाहून मामूने व्हिसा पाठवला. व्हिसा आला म्हणजे जायचं, यात विचारायचं काय? घरात सगळे खूश होते. आई तर रडत रडत खूश होती. मला परीक्षा देऊन जायचंय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. बोट गाठायला निघालेल्या माणसासारखे ते निघून आले. त्याचं दुःख त्यांनी कधी केलं नव्हतं. आज मात्र त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली. त्यांनी निदान कुणाला सांगितलं तरी नव्हतं. त्यांच्या मुलीने तर दोनदा सांगितलं होतं.

"एम. फार्म दोन वर्षांचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, टू इयर्स," यम्ना म्हणाली. "इथेच."

"कर."

"अब्बा, सिरियसली?"

"कर म्हटलं ना."

"तिला कर म्हणून भागत नाही," अन्वरी म्हणाली. तिने मोबाइल उचलून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन नवऱ्यासमोर ठेवला. "ती माणसं आपल्या शब्दावर थांबलीत. त्यांना सांगा. आणि पोर्टचं, मालाचं काही नको. खरं काय ते सांगा."

फोन अर्सलानच्या वडिलांनी उचलला. ते बरीच वर्षं कुवेतला काढून आता गावी परतले होते. सलाम-दुवा झाली. मग ते हसत म्हणाले, "काय रफिकभाई, तुमच्या त्या जालीम मॅनेजरने सोडलं का तुम्हाला?"

रफिकभाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको सुटकेचा कुठलाही मार्ग देणार नव्हती.

"मॅनेजर भला माणूस आहे, भाईसाब. सुट्टी मीच पुढे ढकलली. मुलीच्या कॉलेजची फुटबॉलची फायनल होती, म्हणजे होणार होती. आम्ही हरलो." ते थांबले, मग घाईने पुढे म्हणाले, "आणि मुलगी पुढे शिकणार आहे. दोन वर्षं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझी चूक आहे."

"मुलगी खेळते?" अर्सलानच्या वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मग मुलगा आहे का टीममध्ये?"

"मला मुलगा नाही."

"मग तुम्ही कशापायी जाता तिथे?"

रफिकभाईंनी घसा साफ केला. "मी महाडला फर्स्ट इयरला होतो," ते म्हणाले. "व्हिसा आला. परीक्षा राहिली."

अन्वरीला वाटलं लाइन तुटली, म्हणून तिने वाकून स्क्रीन पाहिला. लाइन चालू होती.

"मी सेकंड इयरला होतो," पलीकडून आवाज आला, आता जरा हळू. "बी.एस्सी." मग ते खाकरले. "थांबायचं की नाही ते अर्सलानला ठरवू दे. मी त्याच्याशी बोलतो, जबरदस्ती करणार नाही. पण पोरीला शिकू द्या." असं म्हणून त्यांनी फोन ठेवायला हवा होता. पण ठेवला नाही. "रफिकभाई, एक विचारू? हिवाळ्यात मी दुबईला पुतण्याकडे येतोय. बाहेरच्या माणसाला बसू देतात का त्या कॉलेजच्या मैदानावर?"