भरमूचं लॉगिन

आमच्या ऑफिसात केलेलं काम कधी उडून जाईल सांगता येत नाही, किस्से मात्र आपोआप सेव्ह होतात! बेळगावजवळ पिरनवाडीत एका दुकानाच्या वर दोन खोल्या, तिथं आम्ही वेबसाइट बनवतो. मालकीण शालन आक्का, कोड लिहायला उचगावचा भरमू आणि फोन घ्यायला मी. भरमूला लग्न करायचंय. पण मुलीकडच्यांना पुण्याचा मुलगा पाहिजे, असं तो म्हणतो. स्थळच येईना झालंय.

*

आक्काचा नियम एकच. एकदा बनवलेला कोडचा तुकडा सगळीकडं वापरायचा. भरमूनं वधूवर मंडळासाठी केलेली लॉगिनची चौकट जशीच्या तशी एका शाळेला लावली. हेडमास्तरांनी लॉगिन केलं आणि समोर आलं, "स्वागत! आपला जोडीदार निवडा."

फोन मीच घेतला.

"अहो, मला नातवंडं हैत!"

*

मग भरमूनं सोय केली, की बटण दाबल्यावर पान न हलता, परत लोड न होता माहिती मागच्या मागं सर्व्हरला जाईल. खानापूरच्या एका गिऱ्हाइकाला ते पटेना. "काय हललंच न्हाय, मग गेलं कसं म्हणायचं?" तो बटण दाबतच राहिला आणि ऑर्डरवर ऑर्डर गेली! भरमूनं वैतागून उगाचच थोडा वेळ फिरणारं चाक लावलं.

लगेच फोन. "आता लई फास्ट झालंय बघा!"

*

बराच वेळ हात लावला नाही, तर लॉगिन आपोआप बंद होतं. पण आमच्याकडचा दुकानदार दुपारी घरी जेवायला जातो, वर जरा आडवा होतो. परत येतो तर अर्धं केलेलं बिल गायब!

"जेवायला गेलतो रं, दुकान सोडून न्हाय!"

भरमूनं मुदत वाढवली. किती, विचारलं तर म्हणाला, "झोप धरून."

*

शेवटी आक्काच्या मावशीनं निपाणीचं एक स्थळ आणलं. वडील आणि मुलगी थेट ऑफिसातच आले, मुलाचं काम बघायला. भरमू इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. आक्का कौतुकानं म्हणाली, "ही वधूवरची साइट ह्यानंच केलीय." वडिलांनी मोबाइलवर साइट उघडली, भरमूचंच नाव शोधलं आणि ताडकन उभे राहिले.

"ह्याचं लगीन ठरलंय म्हणून लिवलंय की हितं!"

भरमू पांढराफटक पडला. "काका, ते... बटण चालतंय का बघायला माझ्याच नावावर 'विवाह ठरला' दाबलतं. काढायचं ऱ्हायलं."

"कवा दाबलतास?"

"गेल्या दिवाळीत."

आक्कानं कपाळावर हात मारला. मला तर खरंच वाईट वाटलं पोराचं. भरमू धडपडत कॉम्प्युटरकडं वळला. "आत्ता काढतो, एका मिनिटात काढतो!"

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली.

"राहू द्या की तसंच."