जोंधळ्यातला मास्क
परवा कोगनोळीजवळ एका शेतात हेल्मेट घातलेलं बुजगावणं दिसलं आणि मला वडिलांचा मास्क आठवला. आप्पांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा बेळगावात रेडिएशन चालू होतं. किरण रोज नेमक्या जागी पडावेत म्हणून गरम करून मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून त्यांच्याच नाकाडोळ्यांचा मास्क केला होता. तो चढवून त्यांचं डोकं टेबलाला घट्ट अडकवायचे. उपचार संपल्यावर मास्क आमच्याकडंच दिला. वाया कशाला घालवायचा, म्हणून मी तो जोंधळ्यातल्या बुजगावण्याला तारेनं बांधला आणि स्वतःवरच खूश झालो. कणसं हुरड्याला आली होती, पाखरंही बिचकत होती. पंधरा दिवसांनी आप्पा आजारपणानंतर पहिल्यांदाच शेतात आले आणि स्वतःच्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग बसक्या आवाजात म्हणाले, “मला तिथं धा मिन्टांत सोडायचे रं. ह्येला कवापास्नं बांधलाईस?” तारेचा पीळ माझ्या हातून लवकर सुटेना, आणि तोवर ते तिथनं हलले नाहीत. आप्पा आता बरे आहेत, रोज शेतात जातात. बोलताना मी मात्र अजून त्यांच्या तोंडाकडं बघत नाही.