डोक्याला शेक

माझी उंची चार फूट चार इंच. ग्रामपंचायतीत मी दाखले देते, तेव्हा खिडकीबाहेरून लोकांना फक्त माझा भांग दिसतो. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे इतक्यांनी ऐकवलंय की आता मीच आधी म्हणून टाकते. समोरच्याची मजा तरी जाते.

सहाव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला. आई मला रेवसहून लाँचने मुंबईला न्यायची. सुया झाल्या, केस गेले, मग डोक्याला मशीनवर किरण दिले. वॉर्डातल्या बायका त्याला शेक म्हणायच्या. आमच्याकडे शेक म्हणजे बाळंतिणीला शेगडीवर देतात तो, नाहीतर मुरगळलेल्या पायाला विटेचा. शब्द घरचा होता. आईने तोच उचलला.

मी वाचले. चौलला परतल्यावर आईने देवीला नारळ दिला आणि आजाराचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

नऊ-दहा वर्षांची झाले तशी माझी वाढ थांबली. अंगाने मात्र सुटत गेले. शेजारणी म्हणायच्या, "अंगाला लागलं हो पोरीच्या." आईला ते पटेना. ती मला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी काही मोठं आजारपण झालंय का, त्यांनी विचारलं.

"लहानपणी ताप हुता मोठा," आई म्हणाली. "सुया दिल्या नि डोक्याला शेक दिला."

त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गरम फडकं आलं असेल. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. पुढे दर वर्षी नवं टॉनिक आलं. मी सगळी प्यायले आणि होते तेवढीच राहिले.

गेल्या वर्षी मला खुर्चीत बसल्या बसल्या झोप यायला लागली, केस मुठीने गळायला लागले. अलिबागच्या नव्या डॉक्टरीणबाईंना मीही सवयीने शेकच सांगितला. त्यांनी तिथेच अडवलं. कसला शेक, कुठे, कोणी दिला? मी मशीनचं सांगितलं. त्यांनी मुंबईला पाठवलं. आई सोबत आली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या बघून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, किरणांनी ती दुबळी झाली. अंगाची वाढ, थायरॉइड, सगळं तिच्या हुकमावर. आता गोळ्या जन्मभर. उंचीचं आईनेच विचारलं.

"दहाव्या वर्षी आणलं असतंत तर इंजेक्शनं देता आली असती," ते म्हणाले. "आता हाडांची वाढायची टोकं मिटली."

परतीच्या लाँचमध्ये आई हमसून रडायला लागली. मला तिचा राग आला होता, तरी मी तिची समजूत काढली. "आई, तुला काय ठाऊक? तिथं सगळ्याच शेक म्हणायच्या."

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "तो आपला शेक न्हाय, ते म्हाईत हुतं. पण मशीनचं बोलले असते तर आजाराचं नाव सांगाया लागलं असतं. गावात कळलं असतं. मग तुझं लगीन कसं जमलं असतं?"

मी एकतीस वर्षांची आहे. आजवर पाचजण मला बघायला आले. मी उभी राहिल्यावर कोणी चहासुद्धा पुरा घेतला नाही.

तिने माझा हात घट्ट धरला होता आणि मला तो सोडवून घ्यायचा होता. रेवसचा धक्का येईपर्यंत सोडवला नाही, एवढंच माझ्याच्याने झालं.