तारेखालची माडी

त्याला सगळे तारमामा म्हणत. मिसरूड फुटल्यापासून तो मोठ्या विजेच्या लाइनखालून तिची पाहणी करत चालत आला होता. टॉवरचा पाय न् पाय त्याच्या ओळखीचा, आणि त्या पायाशी माणसं काय आणून टाकतात तेही. सडकी भाजी, मळके लंगोट, फुगलेलं कुत्रं. तो नाकाला रुमाल बांधायचा आणि मान वर करून चालायचा. वर निदान तारा स्वच्छ होत्या.

यंदा लाइन कामासाठी बंद झाली. नवी जमीन घ्यायची नाही, तारांखालचा तोच मोकळा पट्टा, फक्त टॉवर मजबूत करून जुन्या तारांच्या जागी जास्त दाबाच्या तारा ओढायच्या. दाब वाढला की तारेखाली जागाही जास्त मोकळी लागते. पण तारा थंड पडल्या म्हणताच लोक पट्ट्यात घुसले. कुणी गोठा उभा केला, कुणी टपरी. त्याच्या सख्ख्या ताईने घरावर माडी चढवली.

लाइन सुरू करण्याआधी घराचं आणि तारेचं अंतर मोजायचं काम तारमामाकडे होतं. तो दारात आला तशी दाजींनी खुर्ची पुढे केली.

"मेहुणे, आज राहू दे. उद्या पहाटे या की मोजायला."

"पहाटे का?"

"गारव्यात तार आखडते, वर जाते. तुम्हीच तर सांगितलं होतं जेवताना." दाजी डोळा मिचकावून हसले.

तारमामाने चहाला हात लावला नाही. तो बाहेरच्या जिन्याने वर गेला. पत्र्याखाली बिछाने एकाला एक चिकटून पसरले होते. घामट मोजे, उष्टी ताटं, कोपऱ्यात हेल्मेटांचा ढीग. पाय मुरगळलेला, लाइनच्या कामावरचा एक कामगार पडून होता.

"मामा, दिवसभर हिला ओढायचं आणि रात्री हिच्याच पदराखाली झोपायचं," तो वरच्या तारेकडे बोट करून म्हणाला. "भाडं कमी आहे म्हणून."

तारमामा खाली आला.

"ताई, तुम्ही कुठे झोपता?"

"खालीच सगळे."

"वर हवा चांगली आहे की."

"नको बाई. तान्हं लेकरू घरात, आणि डोक्यावर तार." ती सहज बोलून गेली.

तारमामाने जिन्याकडे पाहिलं. म्हणजे हिला सगळं कळत होतं. आपलं लेकरू खाली आणि परक्यांची लेकरं वर. लहानपणी आपल्या ताटातला घास त्याला भरवणारी ती हीच.

ऊन डोक्यावर येईपर्यंत तो रस्त्यावर उभा राहिला. तार तापून लोंबली तेव्हा त्याने तिपाईवरच्या यंत्राने मोजलं. अंतर कमीच भरलं. त्याने भिंतीवर लाल फुली मारली आणि वर हाक दिली, "आजच बिछाने उचला रे. माडी उतरवायची आहे."

"बहिणीचं घर पाडतोस?" दाजींचं अहोजाहो सुटलं.

"माडी पाडतोय, दाजी. घर तुम्ही आधीच पाडलंय."

ताईने सायीने झाकलेला चहा त्याच्या पायाजवळ ओतला. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस."

तारमामाने यंत्राची तिपाई मिटवली आणि खिशातला रुमाल काढून तिथेच, अंगणात, नाकाला बांधला. टॉवर अजून बराच लांब होता.