मुसा, मोजेस, मोशे

सिप्पोराबाई पेणकरांचं बोट तव्याला भाजलं, ते त्यांना फोड आल्यावर कळलं. दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली बाई. त्यांनी मलम लावलं, पट्टी बांधली आणि उरलेल्या भाकऱ्या भाजून घेतल्या. नवरा जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून असंच चाललं होतं. घड्याळात एक वाजला की जेवायचं, भूक असो वा नसो. शेजारच्या ईरम्मा म्हणायच्या, "बाई, एकदा रडून घ्या की. हलकं वाटंल." बाई मान हलवायच्या. रडू काही दाबून ठेवलेलं नव्हतं, ते आलंच नव्हतं.

नवरा रेल्वेत गार्ड होता. दोघंही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू घराण्यांतली. नोकरीपायी सोलापुरात आली आणि इथलीच झाली. ओळखीत अशी आणखी चार-पाच घरं होती, ती एकेक करून इस्राएलला गेली. मुलगा निस्सीमही तिकडं दिमोना गावी स्थायिक झालेला. वडील गेल्यावर त्यानं आईचा पिच्छाच पुरवला, इकडं ये म्हणून. तिथल्या कार्यालयाला लग्नाचा पुरावा हवा होता. तो होता. साक्षीदारांच्या सह्यांचा लग्नाचा करार, ज्याला ते कतुबा म्हणतात, बाईंनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. पण त्यात नवऱ्याचं नाव मोशे. रेल्वेच्या कागदांत आणि मृत्यूच्या दाखल्यावर मोजेस. आणि गावच्या जन्मनोंदीत मुसा.

तिन्ही कागद पिशवीत घालून बाई सात रस्ता चौकात नबीसाबांकडं गेल्या. नबीसाब अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचे. त्यांनी चष्मा पुसला, कागद शेजारी शेजारी मांडले.

"बाई, ही तीन मानसं हायत की."

"एकच आहे."

"मला कळतंय हो. कागदाला कुटं कळतंय?" मग जन्मनोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "मुसा तर आमच्यातलं नाव. तुमच्यात कसं?"

"कोकणात आमच्या जुन्या माणसांची नावं अशीच. मुसाजी, हसाजी. माझे सासरे हसाजी, पण प्रार्थनेत त्यांचं नाव येहेज्केल. मूळ हिब्रूत मोशे, अरबीत मुसा, इंग्रजीत मोजेस. रेल्वेत भरती करणाऱ्या साहेबानं मोजेस लिहिलं, तेच चालू राहिलं."

"म्हंजे ज्यांना तौरात मिळाली, ते हजरत मूसा?"

"तेच. तुमची तौरात ती आमची तोरा. दाऊदाच्या स्तोत्रांचं तुमचं जबूर, त्याला आम्ही तेहिलीम म्हणतो."

बाई हे सगळं रुग्णाचा ताप वाचून दाखवावा तसं सांगत होत्या. नवरा दर शनिवारी तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ हिब्रूत वाचायचा, मग मराठीत समजावून द्यायचा. त्या भाजी निवडत ऐकायच्या. कानावरून गेलेलं आता आपोआप तोंडात येत होतं.

"पाच पुस्तकं आहेत," त्या म्हणाल्या. "मराठीत पहिल्याला उत्पत्ती म्हणतात. हिब्रूत बेरेशीत, म्हणजे प्रारंभी. पुस्तकाचा पहिला शब्द तेच त्याचं नाव. दुसऱ्याला शेमोत. म्हणजे नावं."

"पुस्तकाचं नावच नावं?"

"पहिल्याच ओळीत तो शब्द आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, कोण कोण गेलं, त्यांची नावं पुढं दिलीत."

"आनि हे समदं मूसांनी सोता लिवलं?"

"जुने लोक तसं मानतात. अभ्यास करणारे म्हणतात, पुष्कळ हातांनी लिहिलं, शेकडो वर्षांत एकत्र झालं. आमच्या ह्यांचं एकाच ठिकाणी अडायचं. शेवटच्या पानावर मोशे मरतो. मरणाऱ्यानं आपलं मरण कसं लिहावं?"

नबीसाब पुढं झुकले. "मग?"

"काहीजण म्हणतात, शेवटच्या आठ ओळी मोशेच्या मागं राहिलेल्या त्याच्या शिष्यानं, यहोशवानं लिहिल्या. काहीजण म्हणतात, देव सांगत गेला आणि मोशेनंच रडत रडत लिहिल्या."

"यहोशवा म्हंजे आमचे यूशा." नबीसाबांनी टाइपरायटरवर कोरा कागद चढवला. "मला तर यूशांनीच लिवल्यासारखं वाटतंय. मागं राहील त्यालाच लिवावं लागतंय बाई. सांगा आता, तुमच्या तोंडानं सांगा. मी टाइप करतो."

बाईंनी पदर सारखा केला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे नाव नवऱ्याचं म्हणून कधी तोंडातून काढलं नव्हतं. 'अहो' म्हणायच्या, नाहीतर 'निस्सीमचे पप्पा'. दवाखान्याच्या फॉर्मवरसुद्धा नाव लिहून द्यायच्या, बोलायच्या नाहीत.

"मुसा हसाजी पेणकर," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. नबीसाबांनी घाई केली नाही. "मोजेस हसाजी पेणकर. आणि मोशे बेन येहेज्केल. ही एकाच माणसाची नावं असून ते माझे पती होते."

"होते," नबीसाब पुटपुटले आणि टाइप केलं. "कधी वारले?"

बाईंनी तारीख सांगितली. आवाज हलला नाही. तो हलला नाही याचंच त्यांना जरा नवल वाटलं. नबीसाबांनी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी निम्मी संपवली, आणि दाखवलेल्या जागी सही केली.

दोन महिन्यांनी निस्सीमचा फोन आला, कागद मान्य झाले म्हणून. नवऱ्याला पुरलं होतं त्या पुण्याच्या दफनभूमीसाठी निस्सीमनं तोवर फोनवरूनच कबरीचा दगड घडवायला दिला होता. निस्सीम म्हणाला, "आई, कारागीर विचारतोय, नाव कोणतं घालू?"

"वर हिब्रूत मोशे. खाली मराठीत मुसा."

"आणि मोजेस?"

"ते रेल्वेचं. राहू दे तिथंच."

आता सिप्पोराबाई दिमोनाला असतात. तिथं शेजारणी त्यांना त्सिपोरा म्हणतात. त्या दुसऱ्या हाकेला ओ देतात. शनिवारी निस्सीम हिब्रूत तोरा वाचतो, आणि त्या मांडीवर मराठी पुस्तक उघडून तीच ओळ शोधतात. सापडायला वेळ लागतो. सापडते तोवर तो पान उलटून पुढं गेलेला असतो.