हिरवा बोर्ड

बुधाजीचं काम पाणी मारायचं. भोईवाड्यात त्याच्या चाळीच्या भिंतीला लागूनच टॉवर उठत होता, आणि धूळ उडू नये म्हणून हा दिवसभर पाइप धरून उभा. गेटवर धूळ मोजायचं मशीन होतं. वरचा बोर्ड हिरवा असला की हवा चांगली. लाल झाला की काम बंद. "काका, मशीनजवळचं सुकू देऊ नका," शंतनु इंजिनीयर रोज बजावायचा.

बुधाजीला ते सांगायलाच नको होतं. गिरणीत उमर गेली त्याची. साहेबाची फेरी ज्या वाटेने, तिथे आधी पाणी मारायचं, हे हातात मुरलेलं. मागच्या, चाळीकडच्या भिंतीशी राडारोड्याचा डोंगर कोरडा ठाक पडून होता. तिकडे कुठला साहेब फिरकतो!

घरी बायकोला, शेवंतीला, दम्याने बेजार केलेलं. खिडकीतून बोर्ड दिसायचा. "हिरवो आसा गो, उघड खिडकी," बुधाजी ऐटीत सांगायचा. ती उघडायची आणि खिडकीशीच बसायची.

खोकला वाढला तेव्हा डॉक्टरने विचारलं, "खिडकी बंद ठेवता ना?"

"यांचा बोर्ड हिरवा असला तरच उघडते," शेवंती कौतुकाने म्हणाली.

बुधाजीला मागचा कोरडा राडारोडा आठवला. आपण बायकोला नाही, मशीनला जपत होतो. गाढव होता तो, आणि हे त्याला आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पाइप ओढत मागे गेला आणि दुपारपर्यंत राडारोडा भिजवत राहिला. गेटवर बोर्ड लाल झाला. काम थांबलं. संध्याकाळी शंतनु शांतपणे म्हणाला, "काका, उद्यापासून येऊ नका."

सकाळी गेटवर दुसराच माणूस पाइप धरून उभा होता. बोर्ड हिरवागार. शेवंतीने खिडकीच्या कडीला हात घातला.

"नको उघडू. तो बोर्ड खोटो आसा," बुधाजी म्हणाला.

"तुमचा काम गेला म्हणान बोर्डावर राग काढू नकात."

इतके दिवस तो आपणच हिरवा ठेवत होतो, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. तिने खिडकी सताड उघडली, आणि मोठा श्वास घेतला.